समावर्तन

परदेशात काही वर्षे काढून माणूस घरी परतला, की पहिले पंधरा दिवस फार सुखाचे जातात. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, पेट्या उघडल्या जातात, आणलेल्या वस्तूंची वाटणी होते आणि तिकडच्या हकिकती चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. खरा प्रश्न सोळाव्या दिवशी उभा राहतो. त्या दिवशी कोणी भेटावयास येत नाही. सकाळी दूध येते, नळाला पाणी येते, मुले शाळेला जातात, दुपारी जेवणे होतात आणि संध्याकाळी दिवा लागतो. जो मनुष्य कालपर्यंत दोन खंडांची तुलना करण्यात रमला होता, त्याच्यापुढे एक साधा, लहानसा, कालच्यासारखाच दिवस येऊन उभा राहतो; आणि यापुढचे बहुतेक दिवस असेच असणार आहेत, हेही त्याला उमगते.

या दिवसाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली विश्रांतीची. बाहेर पुष्कळ झिजलो, आता घरच्या शांततेवर आपला हक्क पोहोचतो, असे ती सांगते. दुसरी निराशेची. मोठ्या पात्रातले पाणी लहान पाटात शिरले, आता शिकलेसवरलेले सारे येथे जिरून जाणार, अशी तिची खंत असते. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. घरची शांत दिनचर्या ही आपल्या येण्यापूर्वीच सिद्ध असलेली, आयती वस्तू आहे, असे दोघीही गृहीत धरतात. एक तिचा उपभोग घेऊ पाहते, दुसरीला तिचा कंटाळा येतो. ती दिनचर्या कोणी घडविली आणि परतलेल्या माणसाचे तिच्याशी नैतिक नाते कोणते, हा प्रश्न दोघींपैकी कोणीच विचारीत नाही. तो येथे विचारून पाहावयाचा आहे.

आपल्यासारख्या, बदलीच्या हुकुमाबरोबर गाव बदलणाऱ्या लोकांना हा प्रश्न नुसता परदेशापुरता नाही. प्रवास या शब्दाचेच पाहा. मराठीत प्रवास म्हणजे जाणे-येणे; गाडीत बसले की प्रवास सुरू, उतरले की संपला. बंगालीत प्रवास म्हणजे घरापासून दूर वस्ती करून राहणे. धातू तोच, शब्दही तोच. संस्कृतातील मूळ अर्थाशी मात्र बंगाली अधिक इमानी राहिली. रामानंद चट्टोपाध्यायांनी १९०१ साली अलाहाबादेहून बंगाली मासिक सुरू केले, त्याचे नाव ‘प्रवासी’. ते नाव रेल्वेतील उतारूंना उद्देशून नव्हते. बंगालबाहेर वस्ती केलेल्या बंगाली माणसाची स्थिती त्या नावात होती. त्या अर्थाने कोलकात्यातील आपण सारे प्रवासी आहोत, मग येथे येऊन वीस वर्षे का झाली असेनात.

बंगाली मनुष्य राहत्या जागेविषयीही असाच भेद करतो. नोकरीसाठी घेतलेली जागा ती ‘बासा’, कुळाचे घर ती ‘बाडी’. आपल्याकडे बिऱ्हाड आणि घर हे दोन शब्द हेच काम करतात. बिऱ्हाडाचे एक शास्त्र असते. भिंतीत खिळे कमी ठोकावेत, जड सामान घेऊ नये, शेजाऱ्याशी सलोखा ठेवावा पण गुंतू नये, आणि कोणती वस्तू केव्हाही मागे टाकता येईल याचा हिशेब मनात असावा. वारंवार स्थलांतर करणारा मनुष्य या शास्त्रात पारंगत होतो. घराचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. तेथे खिळा ठोकताना पुढची पिढी त्यावर काय टांगील याचा विचार असतो. परदेशातून परतलेल्या माणसाची अडचण अशी, की तो घरात येतो, पण मन बिऱ्हाडाचे घेऊन येतो. त्याची पेटी रिकामी झालेली असते. तरी ती माळ्यावर चढवावयास तो धजत नाही.

कोलकात्याने या परतण्याची काही लक्षणीय उदाहरणे पाहिली आहेत. त्यांतील एक तर आपल्या स्थितीचे आरशातील प्रतिबिंबच आहे. जोडासाँकोच्या ठाकूर घराण्यातील सत्येंद्रनाथ १८४२ साली जन्मले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १८६३ साली उत्तीर्ण होणारे ते पहिले भारतीय. १८६४ साली ते विलायतेहून परतले आणि नेमणूक मिळाली ती मुंबई इलाख्यात. तेथून १८९७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांचे सारे सेवायुष्य अहमदाबाद, कारवार, सातारा अशा गावी गेले. ते मराठी शिकले; तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १९१५ साली त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्या पुस्तकाच्या नावातही बालपणाच्या जोडीला ‘बोम्बाइ प्रवास’ आहे. आपण कोलकात्यात जसे प्रवासी, तसे ते साताऱ्यात प्रवासी होते.

निवृत्तीनंतर ते कलकत्त्यास परतले, पण जोडासाँकोच्या वडिलोपार्जित वाड्यात पूर्वीसारखे नांदले नाहीत. शहराच्या दक्षिण भागात त्यांचे स्वतंत्र घर होते. त्या वेगळ्या घराची कथा त्यांच्याहून त्यांच्या पत्नीची, ज्ञानदानंदिनीदेवींची आहे. पडद्यातल्या वाड्यातून त्या १८६४ साली पतीबरोबर मुंबईस गेल्या, तेथे पारशी स्त्रियांचा मोकळा वावर पाहिला, आणि घराबाहेर पडताना शोभेल अशा रीतीने साडी नेसण्याची पद्धत त्यांनी स्वतःपुरती घडविली. १८७७ साली लहान मुलांना घेऊन, पती बरोबर नसता, त्या विलायतेस गेल्या. परतल्यावर १८८५ साली ‘बालक’ नावाचे मुलांचे मासिक त्यांनी संपादिले. आज बंगालमध्ये, किंबहुना साऱ्या देशात, स्त्रिया ज्या रीतीने साडी नेसतात तिच्या घडणीत या परतलेल्या बाईचा वाटा मोठा आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी बाहेरून आणलेला बदल हा रोजच्या दिनचर्येतील बदल होता. नेसणे, मुलांना वाचावयास काय द्यावे हे ठरविणे, या घरातल्या गोष्टी. त्यांत रोज सकाळी स्वतः उतरावे लागते. उपदेश एकदा करून मोकळे होता येते, साडी मात्र दररोज नेसावी लागते. घर बदलते ते असे, आत राहून रोज काही करणाऱ्याच्या हाताने. आणि तरीही त्याची किंमत द्यावी लागते, हेही त्यांच्याच उदाहरणावरून दिसते. कारण शेवटी त्यांचा संसार जुन्या वाड्याबाहेर थाटला गेला. जुन्या घरात परतणे आणि घरी परतणे या एकच गोष्टी नव्हेत.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जिव्हाळ्याचे आहे, आणि त्याचा शेवट दुःखाचा आहे. आनंदीबाई जोशी कलकत्त्यास आल्या त्या पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या पतीच्या बदलीमुळे. म्हणजे या नगरीत बदलीने आलेल्या मराठी कुटुंबांपैकीच ते एक कुटुंब. श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपण अमेरिकेस का जातो हे जाहीरपणे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असा निर्धार व्यक्त केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बंदरातून त्या निघाल्या. तेव्हा त्यांचे वय अठरा होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी १८८६ साली मिळवून त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या जीवनातील न घडलेल्या भागाचा विचार करावासा वाटतो. कोल्हापुरातील ते रोजचे काम, सकाळी वॉर्डातून फिरणे, दुपारी औषधांची नोंद, संध्याकाळी घरी परतून दिवा लावणे, हे सारे त्यांना मिळावयाचे राहून गेले. त्या गेल्या होत्या त्या या दिनचर्येसाठी. आगबोट, कॉलेज, पदवीदान ही सारी वाट होती. मुक्काम होता तो एका इस्पितळातील शांत, एकसुरी दिवस. ज्या दिवसाला आपण सोळाव्या दिवशी कंटाळतो, तो दिवस गाठण्यासाठी एका मुलीने आपला देह झिजविला आणि तरी तो तिला लाभला नाही. त्यांच्या रक्षेचा अंश पुढे अमेरिकेतील त्यांच्या यजमान स्नेही कुटुंबाकडे पोहोचला आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावला. ज्यांनी तिला परक्या मुलखात घर दिले, त्यांच्या घरात तिला कायमची जागा मिळाली.

समुद्र ओलांडून आलेल्यांशी त्या काळचा समाज कसा वागे हे सर्वांना ठाऊक आहे. गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास जातभाईंना जेवण घातले. प्रायश्चित्ताच्या कल्पनेच्या मुळाशी असे गृहीत होते, की बाहेर राहिलेल्याच्या अंगाला काही चिकटून आलेले आहे. ते धुऊन काढल्यावाचून त्याला पंक्तीला घेता येत नाही. ती रूढी आता उरली नाही. परंतु तिच्या बुडाशी असलेली भीती दोन्ही बाजूंना अजून जागी आहे. घराला वाटते, हा आता आपल्याला नावे ठेवणार. परतलेल्याला वाटते, हे आपल्याला पूर्वीच्याच मापात बसविणार.

आपल्याच परंपरेत मात्र परतण्याचा एक निराळा संस्कार सांगितला आहे, आणि तो या संदर्भात कोणाला फारसा आठवत नाही. गुरुगृही अध्ययन संपले, की ब्रह्मचाऱ्याचे समावर्तन होई. तो विधिपूर्वक स्नान करी, मेखला आणि दंड उतरवी, नवी वस्त्रे नेसे, गुरूला दक्षिणा देई आणि स्नातक म्हणून घरी परते. स्नान येथेही आहे आणि प्रायश्चित्तातही आहे. अर्थ मात्र वेगळे. प्रायश्चित्ताचे स्नान बाहेरचे धुऊन टाकण्यासाठी. समावर्तनाचे स्नान बाहेरचे पूर्ण झाले याची खूण म्हणून. या संस्काराने विद्या टाकून द्यावयास सांगितली नाही. विद्यार्थ्याचा वेष तेवढा उतरावयास सांगितला. परदेशातून आलेल्या माणसाने काय ठेवावे आणि काय उतरवावे, याचे इतके नेमके मार्गदर्शन दुसरीकडे क्वचित सापडेल. तेथे शिकलेले कसब ठेवावे. ‘आमच्या तिकडे’ असे म्हणण्याची सवय हा वेष आहे, तो उतरवावा.

इथवर परतणाऱ्याचा विचार झाला. आता ज्या शांततेत तो परततो तिचा विचार केला पाहिजे. शांतता ही आपोआप असणारी अवस्था नव्हे, कोणीतरी राखलेली गोष्ट आहे. कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तरी हे निराळे सांगावयास नको. १७४२ साली या शहराने भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने एक खंदक खणावयास घेतला, तोच मराठा खंदक. तो पुरा झाला नाही, आणि स्वारही शहरापर्यंत आले नाहीत. पुढे १७९९ साली तो बुजवून त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड तयार झाला. बर्गी आले असे सांगून मुलांना झोपविणारी अंगाई मात्र बंगालच्या घराघरांतून टिकली. आपल्या पूर्वजांच्या नावाने येथल्या मुलांच्या डोळ्यांवर झोप उतरत असे, हा विनोद आपण मोकळ्या मनाने स्वीकारावा. परंतु त्यातून एक बोधही घ्यावा. दाराशी घोडदौड असताना आत मूल झोपते, ते कोणीतरी त्याच्याजवळ जागे बसलेले असते म्हणून.

आपण परदेशी असताना आपल्या घरी असेच कोणी जागे असते. आईची औषधे, मुलाचा ताप, घरपट्टीची मुदत, गळके छप्पर, आप्तांची लग्नकार्ये, ही सारी घोडदौड परस्पर थोपविली जाते, आणि आपल्या पत्रात ‘येथे सर्व क्षेम आहे’ एवढेच येते. त्या एका वाक्यात कोणाची किती वर्षे गेली, हे पत्र वाचणाऱ्याला दिसत नाही. मग तो परततो आणि म्हणतो, घर अगदी होते तसेच आहे. होते तसेच राहिले ते कोणीतरी रोज श्रम करून तसे ठेवले म्हणून.

या बाबतीत धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र विचार करावयास लावणारे आहे. गोव्यातील सांखवळचे हे गृहस्थ १८९९ साली, पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून, बुद्धाच्या शिकवणुकीच्या शोधात निघाले. १९०२ साली सिंहलद्वीपात त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहिले आणि १९०६ साली कलकत्त्यास आले. चीवर उतरवून ते येथे पाली शिकवू लागले आणि संसाराशी त्यांनी पुन्हा नाते जोडले. १९०७ साली जन्मलेले त्यांचे पुत्र दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून कीर्तीस चढले. कलकत्ता विद्यापीठातील अधिक पगाराची जागा सोडून सयाजीरावांच्या दरमहा पन्नास रुपयांवर धर्मानंद महाराष्ट्रात परतले, कारण आपल्या विद्येचा उपयोग आपल्या माणसांना व्हावा अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी मिळविलेली विद्या अनमोल होती. मराठीत बौद्ध वाङ्मयाचे जे ज्ञान आले, त्याचा पाया त्यांनी घातला. तरीही वाचकाच्या मनात एक प्रश्न राहतोच. आपल्या हाती आहे ते त्यांचे ‘निवेदन’, बाळाबाईंचे नव्हे. ती सात वर्षे, आणि पुढे ते पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हाची वर्षे, त्या घराच्या बाजूने कशी दिसली असतील?

हा धर्मानंदांवरचा ठपका नव्हे. मोठ्या शोधावर निघालेल्या माणसाला घराच्या मापाने मोजून अडवावे, असे कोणी म्हणणार नाही. अडविले असते तर आपण सारेच दरिद्री राहिलो असतो. म्हणणे एवढेच, की शोध सफल झाला म्हणून ऋण फिटत नाही. हीच जाणीव वेगळ्या रूपाने रवींद्रनाथांना झाली होती. आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या त्याच १८८३ साली रवींद्रनाथ कारवारला, तेथे न्यायाधीश असलेल्या सत्येंद्रनाथांकडे राहिले होते. तेथे त्यांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. सर्व बंध तोडून अनंताला पोहोचलो असे मानणारा संन्यासी समाजाने टाकलेल्या एका अनाथ मुलीच्या मायेने जगात परत येतो. परंतु तो तिला शोधीत येतो तेव्हा उशीर झालेला असतो, ती उरलेली नसते. आपल्या पुढील साऱ्या लेखनाचा विषय, म्हणजे सीमेच्या आत असीमाशी होणारे मीलन, या नाटकातच प्रथम आला, असे रवींद्रनाथांनी पुढे आठवणी लिहिताना म्हटले. परतणे पुरेसे नाही, वेळेवर परतणेही आवश्यक आहे, हे त्या नाटकाचे दुसरे, अधिक कठोर सांगणे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. घरच्या माणसांचे ऋण मानून परतलेल्याने मुकाट्याने जुन्या चाकोरीत शिरावे, तर मग तो गेलाच कशाला? जी चाकोरी एखाद्याला अन्यायाची वाटते, पंक्तिभेदाची, सुनेच्या कष्टांची, ती त्याने ऋणाच्या नावाखाली चालू ठेवावी काय? मुळीच नाही. कृतज्ञता म्हणजे शरणागती नव्हे. किंबहुना घरात अन्यायाचा भार ज्यांच्यावर पडतो, बहुधा त्यांनीच ती शांतता राखलेली असते. त्यांचे ऋण मानावयाचे तर तो भार हलका करावाच लागेल. प्रश्न बदल करावा की नाही हा नसून तो कोणत्या जागेवरून करावा हा आहे. आपल्या सरकारी कामात तपासणीस आणि हाताखालचा कारकून यांतील अंतर आपण ओळखतो. तपासणीस दोन दिवस येतो, शेरे लिहितो, जातो. फायली कारकुनालाच पुऱ्या कराव्या लागतात. परदेशातून आलेला मनुष्य स्वतःच्याच घरात तपासणीस म्हणून वावरू लागला, तर त्याचे शेरे कितीही बरोबर असोत, ते घर ऐकणार नाही, आणि त्याने ऐकू नयेच. स्वयंपाकघर अधिक सोयीचे असावे असे ज्याला वाटते, त्याने आठ दिवस तेथे उभे राहून काम करून पाहावे. मग त्याच्या सूचनेला वजन येईल. कदाचित सूचनाही बदलेल.

शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे आपल्या परिचयाची आहेत. चौथे आहे मनुष्यांचे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसांना आसरा देणे, अन्न देणे. परदेशी गेलेल्या माणसाला हे चौथे ऋण दुप्पट असते. परक्या मुलखात अनोळखी लोकांनी त्याला आसरा दिलेला असतो. आणि घरी परतल्यावर त्याच्याच माणसांनी त्याला पंधरा दिवस पाहुणा म्हणून वागविलेले असते. हे ऋण फेडण्यास पहिली अट अशी, की त्याने पाहुणा राहणे थांबवावे. पाहुण्याला कोणाचे ऋण फेडता येत नाही. ते यजमानालाच शक्य आहे.

म्हणून सोळाव्या दिवसाचा मला अर्थ वाटतो तो असा. भेटायला कोणी येत नाही, कारण घराने त्या दिवशी आपल्याला आपले मानावयास सुरुवात केलेली असते. कोलकात्यात असो, साताऱ्यात असो की कोल्हापुरात, त्या दिवशी करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. इतकी वर्षे दुसऱ्या कोणी वाहिलेले एखादे रोजचे काम आपल्याकडे मागून घ्यावे, आणि ते उत्साह ओसरल्यावरही सोडू नये. आपण नसताना काय काय झाले, हे घरच्यांना विचारावे, आणि आपल्या हकिकतीइतकाच वेळ त्यांच्या हकिकतीला द्यावा. परक्या मुलखात आपल्याला ज्या रीतीने कोणी दार उघडले, त्या रीतीने येथे नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला दार उघडावे. संध्याकाळी शेजारच्या बंगाली घरात शंख वाजतो, आपल्या घरात देवापुढे दिवा लागतो. तो दिवा एखाद्या दिवशी आपण लावावा. आणि सवड काढून माळ्यावर चढावे, रिकामी पेटी वर ठेवून द्यावी.